इलेक्शन ड्युटीचं ट्रेनिंग: दुसरं सेशन अजिबात बुडवू नका

विधानसभा 2024 ला केंद्राध्यक्ष म्हणून ड्युटी लागली होती, त्याच्या ट्रेनिंगचा हा रिव्ह्यू. पहिलं सेशन मोठ्या हॉलमध्ये, माईक खरखरतोय, पीपीटी भराभर पुढे, मागच्यांना काही दिसतच नाही. 2 स्टार, तेही चहासाठी.

दुसरं मात्र एक नंबर! छोट्या वर्गात मतदान यंत्र हातात दिलं, मॅडमनी प्रत्येकाकडून मॉक पोल (म्हणजे खऱ्या मतदानाआधीचं चाचणी मतदान) करून घेतला, कमीत कमी 50 मतं, मग क्लोज, रिझल्ट, क्लिअर ही बटणं, आणि व्हीव्हीपॅटच्या (मत कुणाला गेलं ते छापणाऱ्या यंत्राच्या) चिठ्ठ्या काढून मागे शिक्का मारून काळ्या पाकिटात सील. क्लिअर करायचं राहून गेलं तर मॉकची मतं खऱ्या मतांत मिसळतात, हे त्यांनी इतक्यांदा घोकून घेतलं की मतदानाच्या दिवशी पहाटे साडेपाचला उमेदवारांच्या एजंटांसमोर हात आपोआप चालत होते. 7 ला बरोब्बर मतदान सुरू झालं आमचं.

एकच कमी राहिली, 17सी (झालेल्या मतांच्या हिशोबाचा फॉर्म) भरायचा सराव नाही घेतला. संध्याकाळी सगळे थकलेले, 17ए रजिस्टरचा (मत द्यायला आलेल्यांच्या नोंदवहीचा) आकडा मशीनच्या टोटलशी जुळवायचा, प्रत्येक एजंटला सही करून प्रत द्यायची, तिथेच खरा वेळ जातो. ते पण शिकवा प्लीज. 4 स्टार.