एकाच इराण्याकडे जायचं असेल तर: क्यानी, याझदानी की ब्रिटानिया?

मुंबईत एक मोकळा दिवस आहे आणि जुन्या इराण्याकडे, म्हणजे इराणी हॉटेलात, बसायचं मनात आहे, असं म्हटलं की तीन नावं हमखास पुढे येतात. धोबी तलावचं क्यानी, फोर्टातली याझदानी बेकरी आणि बॅलार्ड इस्टेटचं ब्रिटानिया. तिघांचीही कीर्ती खरी आहे, पण ती तीन वेगळ्या कारणांसाठी आहे. चहा-मस्का डोक्यात ठेवून ब्रिटानियात शिरलेला माणूस हिरमुसतो, आणि पोटभर जेवायला म्हणून याझदानीत गेलेलाही.

निवडायचं कशावरून? इराणमधल्या याझ्द आणि केरमानकडून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीला इराणी झरतुष्ट्री, म्हणजे पारशांच्याच धर्माची, माणसं मुंबईत आली. कोपऱ्यावरची जागा अशुभ म्हणून इतर दुकानदार घेत नसत, ती इराण्यांनी घेतली असं सांगितलं जातं. दोन रस्त्यांचं गिऱ्हाईक आणि दोन बाजूंचा उजेड त्यांना आयताच मिळाला. पण शहराला त्यांनी दिलेली मोठी गोष्ट म्हणजे टेबल. खाणावळी जातीधर्माच्या पाट्यांनी वाटलेल्या होत्या त्या काळात इराण्याच्या संगमरवरी टेबलाशी कामगार, कारकून आणि कॉलेजातला मुलगा शेजारी शेजारी बसून चहा पीत. कोणी कोणाला जात विचारत नसे, आणि एका चहावर बराच वेळ निघून जाई. म्हणून मी प्रत्येक इराण्याकडे एवढंच पाहतो: थोडक्या पैशांत, अनोळखी माणसाच्या शेजारी, निवांत बसता येतं का?

या कसोटीवर माझं मत क्यानीला. 1904 सालचं हे हॉटेल मेट्रो सिनेमासमोर, जेर महाल इमारतीत आहे. मरीन लाइन्स स्टेशनवरून चालत काही मिनिटांत पोचता. काचेखाली चौकटीचं कापड अंथरलेली टेबलं, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, गल्ल्याजवळ खारी-बिस्किटांच्या बरण्या. अकुरी, म्हणजे पारशी पद्धतीची अंडा भुर्जी, मागवा, खिमा पाव मागवा, नाहीतर नुसता बन मस्का आणि चहा. चहा थोडा जास्त गोड असतो, पण ब्रून, म्हणजे कडक पाव, त्यात बुडवून खाल्ला की तो गोडवा कामाला येतो. निघताना मावा केक बांधून घ्यावा.

क्यानीची खरी श्रीमंती मात्र आजूबाजूच्या वस्तीत आहे. जेर महालाच्या वरच्या मजल्यांवर गोव्यातल्या गावागावांचे क्लब आहेत, ज्यांना गोंयकार कूड म्हणतात. बोटीवर नोकरीला जाणारे गोव्याचे खलाशी जहाज लागेपर्यंत अगदी थोड्या पैशांत इथे राहत आले. वर गोव्याचं गाव, खाली इराण्याचं हॉटेल, समोर 1938 सालचं थिएटर, जवळच किल्ला कोर्ट आणि सेंट झेवियर्स कॉलेज. त्यामुळे इथल्या गर्दीत वकील, विद्यार्थी, खरेदीला आलेलं कुटुंब आणि कॅमेरा घेतलेला पर्यटक सगळे सापडतात. मुंबई कशी बनली हे कोणाला दाखवायचं असेल तर मी त्याला इथेच आणेन. उणीव एकच: गर्दीच्या वेळी ऑर्डर पटकन द्यावी लागते, आणि टेबल दुसऱ्यांबरोबर वाटून घ्यायची तयारी हवी. ज्यांना ते नको त्यांनी आठवड्यातल्या कामाच्या दिवशी सकाळी जावं.

याझदानी ही मुळात बेकरी. फोर्टात कावसजी पटेल स्ट्रीटवर 1950 च्या दशकात सुरू झालेली. बसायला मोजकी बाकडी-टेबलं आहेत, मेनू छोटा आहे. पण ब्रून मस्का खायचा तर इथेच. वरचं कवच कडक, आत मऊ, मस्का सढळ हाताने लावलेला. अ‍ॅपल पाय आणि आल्याची बिस्किटंही चांगली असतात. एकटे असाल, हाताशी अर्धा तास असेल, तर याझदानी निवडा. चौघांचा घोळका घेऊन गप्पांसाठी जाऊ नका, जागा पुरत नाही.

ब्रिटानिया 1923 चं. वास्तुरचनाकार जॉर्ज विटेटने आखलेल्या बॅलार्ड इस्टेटमधल्या गोऱ्या साहेबांसाठी ते निघालं, आणि त्याची वेळ अजूनही कचेऱ्यांच्या दुपारच्या जेवणाशी जुळलेली आहे. इथे बेरी पुलाव खायचा. इराणहून येणाऱ्या झिरिश्क नावाच्या लाल, आंबट-गोड बेरी भातावर पेरलेल्या असतात. ब्रिटानियाचे मालक बोमन कोहिनूर यांच्या पत्नीने तो इथे रुजवला. त्या काही काळ तेहरानमध्ये राहिल्या होत्या. बोमनजी स्वतः टेबलापाशी येऊन ऑर्डर घेत, लिंबू सोडा घ्याच म्हणत, राणी एलिझाबेथचं पत्र दाखवत. 2019 मध्ये, 97 व्या वर्षी ते गेले. भिंतीवर राणी आणि गांधीजी दोघेही आहेत. जेवण उत्तम, साली बोटी (बटाट्याच्या कुरकुरीत सळ्या घातलेलं मटण) आणि कॅरॅमल कस्टर्डही. मात्र खर्च क्यानीच्या कितीतरी पट येतो, आणि बाहेर लोक ताटकळत असताना रेंगाळणं बरं वाटत नाही. माझ्या कसोटीवर ब्रिटानिया मागे पडतं ते एवढ्यासाठीच. आईवडिलांना घेऊन एकदा नीट जेवायला जायचं असेल तर मात्र दुसरा विचारही करू नका.

पुण्याहून येणाऱ्यांनी डेक्कनवरच्या 1935 च्या गुडलक या इराणी हॉटेलाची सवय मनात ठेवूनच क्यानीत शिरावं. लगेच घरच्यासारखं वाटेल.

अख्खा दिवस हाताशी असेल तर निवडायची गरजच नाही, तिन्ही जागा पायी फिरण्याच्या अंतरात आहेत. सकाळी याझदानी, दुपारी ब्रिटानिया, मग फोर्टातून चालत संध्याकाळच्या चहाला क्यानी. फक्त वारांची खात्री आधी करून घ्या, रविवारी फोर्ट आणि बॅलार्ड इस्टेटमध्ये बरंच काही बंद असतं.