वेग मोजायचा की साठा बघायचा?
चालत्या गाडीत व्हिडिओचा पुढचा तुकडा 1080 मध्ये मागवायचा की 360 मध्ये, हे प्लेअर दर काही सेकंदांनी ठरवत असतो. ठरवायच्या मुख्य रीती दोन.

पहिली वेगावर चालते. मागचे दोन-चार तुकडे किती झपाट्याने उतरले त्यावरून पुढच्याचा अंदाज बांधायचा. घरच्या वायफायवर ही झकास. पण कोकण रेल्वेवर रत्नागिरीच्या आसपास तिचा अंदाज हमखास चुकतो. बोगद्याबाहेर येताच क्षणभर चांगली रेंज मिळते, प्लेअर हुरळून मोठा तुकडा मागवतो आणि तो अर्धा उतरतो तोवर पुढचा बोगदा. चित्र गोठतं.

दुसरी रीत हाताशी किती सेकंदांचा व्हिडिओ साठलाय तेवढंच बघते. साठा घटला की दर्जा उतरवायचा, वाढला की चढवायचा. नेटफ्लिक्सवरच्या, 2014 साली मांडलेल्या प्रयोगात यामुळे अडखळणं 10 ते 20 टक्क्यांनी कमी झालं. ताशी 60 च्या वेगाने अर्ध्या किलोमीटरचा बोगदा म्हणजे 30 सेकंद. तेवढा साठा असला तर प्रवाशाला कळतही नाही. साडेसहा किलोमीटरच्या करबुडे बोगद्यापुढे मात्र दोन्ही हतबल, तिथे आधी डाउनलोड केलेलंच कामी येतं.

सुरुवातीला साठा रिकामा असतो तेव्हा दुसरी रीत चाचपडते. म्हणून डॅश डॉट जेएस हा मुक्त प्लेअर आधी वेग बघतो आणि साठा पुरेसा झाला की ‘बोला’ या साठ्यावरच्या पद्धतीकडे वळतो. प्रवासापुरती मी साठ्याच्याच बाजूची. चित्र धूसर झालं तरी बोलणं ऐकू येत राहतं.