शेजाऱ्याला विचारणारे सेन्सर: एका चाचणी-संचाचा अनुभव

विमानाच्या कवचाला कुठे मार बसला हे मध्यवर्ती संगणकावर न सोपवता सेन्सरांनी आपापसांत ठरवावे, या तत्त्वावर बनवलेला प्रयोगशाळेसाठीचा एक संच आम्ही तीन आठवडे वापरला. तत्त्व नवे नाही. नासासाठी ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेने ते षट्कोनी प्रतिकृतीवर पूर्वीच राबवून दाखवले आहे. या संचातही प्रत्येक मॉड्यूल, म्हणजे सेन्सर असलेला सुटा घटक, फक्त लगतच्या मॉड्यूलांशी बोलते. 2003 मध्ये नासाचे कोलंबिया हे शटल (अवकाशयान) नष्ट झाल्यावर उरलेल्या शटलांच्या पंखांत त्वरणमापक बसवले गेले, पण त्यांच्या नोंदी जमिनीवर मागवून माणसांनाच तपासाव्या लागत. हा फरक लक्षात घेतला की संचाचे मोल कळते.

कार्बन फायबरच्या पॅनेलवर आम्ही किलोभर वजनाचा पोलादी गोळा छातीएवढ्या उंचीवरून सोडला. वरून जेमतेम एक पुसट खूण दिसत होती आणि आतले थर मात्र सुटले होते, ही तर या पदार्थाची जुनी खोड. मॉड्यूलांनी काही क्षणांत त्या भागाभोवती अखंड सीमा आखली. मग मुद्दाम सीमेवरच्या एका मॉड्यूलची वायर उपटली, तेव्हा ते गप्प झाल्याचे शेजाऱ्यांनी ओळखले, संदेश वळसा घालून गेले आणि सीमा पुन्हा सांधली गेली. एवढे काम खरोखर देखणे आहे.

तक्रार आहे ती पीझो चकत्यांबाबत, म्हणजे पॅनेलमध्ये कंपनलहरी सोडणाऱ्या आणि टिपणाऱ्या चकत्यांबाबत. एक चकती कडेने सुटताच तिच्यापाशी लहर क्षीण पोहोचू लागली आणि संचाने बेधडक पॅनेललाच दोषी ठरवले. चकतीची धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) अधूनमधून मोजली असती तर दोष कोणाचा याचा बराच उलगडा झाला असता, पण तशी सोयच ठेवलेली नाही. शिवाय लॅम्ब लहरींचा, म्हणजे पातळ पॅनेलमधून पसरणाऱ्या या कंपनलहरींचा, वेग तापमानाबरोबर बदलत असल्याने, सकाळच्या गारव्यात तुलनेसाठी घेतलेली मूळ नोंद दुपारी पॅनेलवर ऊन आल्यावर निरुपयोगी ठरली आणि धडधाकट भागांवरही इशारे झळकले. पुस्तिकेत अल्गोरिदमला चाळीस पाने आहेत, चिकटवण्याच्या कृतीला अर्धे. चकती चिकटवताना इपॉक्सी गोंद किती वेळ दाबून ठेवायचे हे आम्ही चार चकत्या वाया घालवून शिकलो.

जाळ्याचे वर्तन अभ्यासणाऱ्यांनी हा संच अवश्य घ्यावा. खऱ्या पंखावर बसवण्याचा विचार असेल, तर तापमानाची दुरुस्ती करणारी पुढची आवृत्ती येईपर्यंत थांबावे.