आठ महिने ई-रीडर: नव्या पुस्तकांसाठी घेतला, जुन्यांत रमले

दिवाळीत घेतला, आता आषाढ. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मला जाहिरातही करायची नाही आणि भांडणही. सहा इंची, काळा-पांढरा, आतून दिवा असलेला साधा ई-रीडर आहे. 'घेऊ का गं?' असं तिघींनी विचारलंय, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

यंत्राचं आधी उरकते. वायफाय बंद ठेवलं तर बॅटरी दोन-तीन आठवडे जाते. उन्हात अक्षर छापील पानासारखं दिसतं. कल्याणहून सकाळची फास्ट पकडायची, एका हातात वरची कडी आणि दुसऱ्या हातात पुस्तक, हे फक्त यावरच जमतं. जाडजूड कादंबरी एका हाताने उलटून दाखवा. पान बदलताना कधीकधी मागच्या पानाची फिकट सावली राहते. दोन दिवसांत डोळ्यांना सवय होते.

खरी कुरबुर देवनागरीची आहे. पहिल्या दिवशी पुस्तक उघडलं तर ल आणि श हिंदी वळणाचे. ते एक वेळ चाललं असतं, पण 'दुसऱ्या'तला आडवा र रफार होऊन 'दुसर्या' उमटला. दर पानावर चार-पाचदा तांदळात खडा लागावा तसं होई. उपाय सोपा निघाला. टिरो देवनागरी मराठी हा टाइप फुकट मिळतो, तो संगणकावरून यंत्रात टाकला आणि ल, श, ऱ्य सगळे ताळ्यावर आले. दुसरं म्हणजे दोन्ही कडा जुळवायची सोय बंद करा. आपले शब्द प्रत्यय लावून लावून एवढे लांबतात की ओळीत दात पडल्यासारख्या फटी दिसतात. आणि विकत घेण्याआधी नमुन्याची पानं उतरवून बघाच. एका ठिकाणी मी पैसे भरून घेतलेल्या पुस्तकात जोडाक्षरांच्या जागी चौकोन होते. परतावा मिळाला, पण चार मेल लिहिल्यावर.

शब्दकोशाची तर गंमतच. शब्दावर बोट दाबलं की अर्थ, असं खोक्यावर लिहिलंय. मराठी कोश त्यात नव्हताच. एक बाहेरून मिळवून टाकला, तर त्याला 'घोडा' कळतो, 'घोड्यावरून' कळत नाही. सामान्यरूप झालं की शब्द हरवला! शेवटी फोनवर मोल्सवर्थचा जुना मराठी-इंग्रजी शब्दकोश उघडून बसते. त्याची दुसरी आवृत्ती १८५७ची आहे. हे साल पुढे पुन्हा येणार आहे.

घेतला होता तो खरं तर नवी पुस्तकं वाचायला. यादी करून ठेवली होती, त्यातली निम्मी ई-पुस्तकाच्या रूपात निघालीच नाहीत. मग हिरमुसून फुकटातलं काय मिळतं ते बघायला लागले. आपल्याकडे लेखक गेल्यावर साठ वर्षांनी पुस्तक हक्कमुक्त होतं, म्हणजे एकोणिसाव्या शतकातला आणि विसाव्याच्या पहिल्या काही दशकांतला बराच माल मोकळा आहे. विकिस्रोत या मोफत जुन्या पुस्तकांच्या संकेतस्थळावरून तयार इपब, म्हणजे ई-पुस्तकाची फाइल, उतरवता येते. जिथे नुसतं स्कॅन मिळतं तिथे मात्र या सहा इंचांवर मुंग्यांची रांग दिसते. यंत्र आडवं धरून अर्धं-अर्धं पान वाचावं लागतं. असं एक पुस्तक मी पूर्ण केलं, पुन्हा नाही करणार. फक्त स्कॅनच वाचायची असतील तर मोठा टॅब घ्या, हे घेऊ नका.

तर या आठ महिन्यांतलं सगळ्यात आवडलेलं पुस्तक म्हणजे विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास'. शाळेत नाव ऐकलं होतं आणि बंडाचा इतिहास असेल म्हणून टाळलं होतं. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक घरावर कर्ज झालं म्हणून दक्षिणा मिळवायला काकांबरोबर उत्तरेकडे निघतो, आणि नेमका १८५७च्या वणव्यात सापडतो. त्याला क्रांतीशी देणंघेणं नाही. त्याला दक्षिणेची काळजी, सोवळ्याची काळजी, आईवडिलांना दिलेल्या शब्दाची काळजी. म्हणूनच तो जे बघतो ते खरं वाटतं. झाशीचा वेढा त्याने आतून पाहिला. पण माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही ती विहिरीची जागा. झाशी पडल्यावर काल्पीच्या वाटेवर, धुळीने माखलेली राणी तहानेने व्याकूळ होऊन येते. हा पाणी शेंदून द्यायला पुढे होतो, तर ती याला थांबवते, कारण हा विद्वान ब्राह्मण. आणि स्वतःच मडकं सोडून पाणी काढून ओंजळीने पिते. राज्य गेलंय, जीव कधी जाईल सांगता येत नाही, आणि रीत सुटत नाही. घाटकोपर कधी गेलं मला कळलं नाही. शेवटी कमाईचा पैसा लुटला गेलेला, आणि हा गडी खांद्यावर गंगेची कावड घेऊन वरसईला परत येतो.

वाचणाऱ्यांसाठी एक सूचना. चिं. वि. वैद्यांनी हे १९०७ साली छापलं ते भाषा बरीच साफसूफ करून. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी केलेली आवृत्ती १९६६ची. मी आधी वैद्यांची यंत्रावर वाचली, मग दुसरी वाचनालयातून कागदावर आणली. एकच वाचायची असेल तर पोतदारांची वाचा. भटजींचा खरा आवाज तिथे आहे.

त्र्यं. ना. आत्रे यांचं 'गावगाडा' (१९१५) सध्या चालू आहे. हे धड कादंबरी नाही, धड अहवाल नाही. पाटील-कुलकर्णी, बलुतेदार, गावात येणारे फिरस्ते, कोण काय काम करतो आणि त्याला काय मिळतं, असं सगळं. संथ आहे, आणि आत्र्यांची काही मतं आज वाचताना दाताखाली येतात. ती आहेत हे धरूनच वाचायचं. पण शब्दांची काय श्रीमंती! वंशपरंपरेने जमीन कसणारा तो मिरासदार, बाहेरून येऊन कसणारा तो उपरी. आपण 'उपरा' किती सहज म्हणतो, आणि त्यामागे सारावसुलीची अख्खी वही आहे हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं. सलग वाचू नका. रोज दोन स्टेशनं पुरे.

तिसरं लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे', पण ते माझ्याकडून आईकडे गेलं. तिचं मोतिबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून छापील पुस्तक तिने सोडलं होतं. 'मला नको ती तुझी पाटी,' म्हणून तिने आधी हातही लावला नाही. मी अक्षर एवढं मोठं केलं की पानावर जेमतेम आठ ओळी मावल्या, आणि यंत्र मुद्दाम तिच्या उशाशी विसरले. संध्याकाळी घरी आले तर ही खिडकीत बसून हसतेय. लक्ष्मीबाई टिळकांच्या वडिलांच्या सोवळ्यापर्यंत पोचली होती. मीठसुद्धा धुऊन घेणारा तो माणूस! 'अगं, मीठ धुतलं तर उरतं काय?' हे मला, मग शेजारच्या काकूंना, मग फोनवर मावशीला. आणि हे वेड लागलं कशातून, तर त्याच्या सासऱ्यांना १८५७च्या बंडात फाशी झाली त्या धक्क्यातून. गोडसे भटजी नुकतेच संपवले होते म्हणून माझ्या अंगावर काटा आला. भटजींनी पाहिलेलं साल इथे नाशिककडच्या एका घराच्या मोरीत शिरलेलं. त्यात पुन्हा दोघी लक्ष्मीबाई माहेरच्या मनूच.

आईच्या तक्रारी मात्र आहेत. पानाचा आकडा नसून टक्के दिसतात हे तिला मुळीच मान्य नाही. 'त्रेचाळीस टक्के म्हणजे काय, मी काय परीक्षेला बसलेय? किती राहिलंय ते अंगठ्याला कळायला हवं.' खुणेला मोरपीस ठेवता येत नाही, हीसुद्धा तक्रारच. आणि झोप लागली की बोट लागून पान पुढे जातं, मग सकाळी शोधाशोध.

पैसे वसूल झाले का? माझे नाही अजून. नवी मराठी पुस्तकं मी आजही कागदावरच घेतेय. आईचे झाले. तिचं दुसऱ्यांदा वाचन चालू आहे, यंत्र रात्री तिच्या उशीखाली असतं आणि सकाळी मागितलं तर 'एवढं प्रकरण होऊ दे' असं उत्तर येतं. त्यामुळे गेले तीन आठवडे मी लोकलमध्ये पुन्हा फोनच बघतेय, आणि गावगाडा एकसष्ट टक्क्यांवर उभा आहे.