तत्त्व आधी मांडायचं की पर्यायांतून शोधायचं?

‘खालीलपैकी कोणत्या तत्त्वामुळे हा युक्तिवाद समर्थनीय ठरतो?’ तर्कक्षमता चाचणीतल्या या प्रश्नाला भिडण्याच्या दोन पद्धती आहेत. पर्याय झाकून तत्त्व, म्हणजे युक्तिवादामागचा सर्वसाधारण नियम, स्वतःच्या शब्दांत मांडणं, ही पहिली. थेट पर्याय वाचून एकेक उताऱ्याला लावून पाहणं, ही दुसरी.

एक उतारा घेऊ: ‘डॉक्टरांनी शस्त्रक्रियेतला धोका रुग्णाला सांगितला नाही. शस्त्रक्रिया यशस्वी झाली, तरीही डॉक्टर चुकलेच.’ पहिल्या पद्धतीचा विद्यार्थी ‘तरीही’पाशी थांबतो. सगळं मर्म त्या एका शब्दात आहे! धोका न सांगणं हे कारण, चूक हा निष्कर्ष. मधली फट भरणारं वाक्य तो स्वतः जुळवतो: ‘धोका लपवला, की परिणाम काहीही होवो, ती चूकच.’ मग पर्यायांत ‘जो डॉक्टर चुकतो, त्याने धोका लपवलेलाच असतो’ असं आलं, तरी तो फसत नाही. तिथे ‘जर’ आणि ‘तर’ यांची, म्हणजे अट आणि निष्कर्ष यांची, अदलाबदल झालेली आहे. दुसऱ्या पद्धतीत नेमकं इथेच पाय घसरतो, कारण शब्द सगळे ओळखीचे वाटतात.

म्हणून तत्त्व ओळखायचं असेल, तर मी पहिलीच पद्धत सुचवेन, सुरुवातीला वेळ जास्त लागला तरी.

तत्त्व दिलेलं असून त्यात बसणारा प्रसंग निवडायचा असेल, तर मात्र दुसरी सोयीची. प्रत्येक प्रसंगाला तत्त्वातल्या अटी लावत जायच्या. एक जरी अट तुटली, तरी तो पर्याय बाद.