जैव गाळणीतील गाळ आणि सांडपाण्यातील अमोनियम: पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतचा अनुभव

बेळगावातील आमच्या अपार्टमेंटच्या एसटीपीतून, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेतून, बाहेर पडणारे पाणी दिसायला नितळ असे. परंतु त्यातील अमोनियम, म्हणजे अमोनियाचे पाण्यात विरघळलेले रूप, काही केल्या उतरत नव्हते, त्यामुळे शेवटी घालावयाच्या क्लोरीनचा बराचसा भाग त्यातच खर्ची पडे. गेल्या पावसाळ्यात चिक्कोडी भागातील एका मत्स्यपालकाकडून त्याच्या टाक्यांच्या जैव गाळणीत साठलेला तपकिरी गाळ आणून आम्ही ब्लोअरच्या टाकीत, म्हणजे जिथे सांडपाण्यात हवा सोडली जाते तिथे, सोडला.

या गाळाचे काम विरजणाचे आहे. त्यातील नायट्रोसोमोनाससारखे जिवाणू अमोनियमचे नायट्राइट करतात आणि नायट्रोस्पायरासारखे जिवाणू त्याचे पुढे नायट्रेट करतात. बाजारात मिळणाऱ्या जिवाणूंच्या कोरड्या भुकटीपेक्षा मी ओल्या गाळाला पसंती देईन, कारण हे जिवाणू बीजाणू धरत नाहीत आणि वाळवण त्यांना मानवत नाही. गाळ आणतानाही कॅन काठोकाठ भरू नयेत आणि त्याच दिवशी टाकीत ओतावेत.

अमोनियम तपासण्याच्या किटमध्ये नळीतील पाणी अमोनियम असेल तर हिरवे आणि नसेल तर पिवळे दिसते. पहिले काही आठवडे हा रंग गडद हिरवाच राहिला, कारण हे जिवाणू फार सावकाश वाढतात. गणपतीनंतर तो पोपटीवर आला आणि तिथेच अडला. ब्लोअर व्यवस्थित चालू होता, पण पीएच साडेसहाच्याही खाली गेला होता. अमोनियातील १ ग्रॅम नायट्रोजनचे नायट्रेट होताना सुमारे ४.६ ग्रॅम ऑक्सिजन आणि कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने सुमारे ७.१ ग्रॅम अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल झेलण्याची क्षमता, खर्च होते; ती संपली की पीएच घसरतो आणि जिवाणू मंदावतात. म्हणजे लिटरमागे ४० मिलिग्रॅम नायट्रोजन असेल, तर जवळजवळ २८५ मिलिग्रॅम अल्कलिनिटी लागते. ऑक्सिजनची चौकशी सगळेच करतात, ही दुसरी बाजू मात्र विक्रेतेही सांगत नाहीत. खाण्याचा सोडा थोडा थोडा घालू लागल्यावर पीएच सातच्या वर स्थिरावला आणि नळी पिवळी दिसू लागली. चुना स्वस्त पडला असता, परंतु डिफ्यूजरवर, म्हणजे टाकीच्या तळाशी हवेचे बुडबुडे सोडणाऱ्या भागावर, पापुद्रे धरण्याची धास्ती होती.

थंडीत वेग मंदावला, हे अपेक्षितच होते. वीज बराच वेळ गेली की दुसऱ्या दिवशी रंग पुन्हा हिरवट होई. संडास धुण्याचे ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर यांनी हे जिवाणू मरतात, म्हणून ती जपून वापरण्याची सूचना जिन्यात लावली. ती किती जण पाळतात, हा प्रश्न वेगळा.

एक त्रास मात्र नवीन उद्भवला. निवळण टाकीत गाळाचे गोळे बुडबुड्यांसह वर येऊन तरंगू लागले. अमोनियम गेले तरी नायट्रोजन नायट्रेटच्या रूपाने पाण्यातच राहतो, आणि तळाशी ऑक्सिजन संपला की इतर जिवाणू त्याचा नायट्रोजन वायू करतात. तोच वायू गाळाला वर उचलतो. गाळ ब्लोअरच्या टाकीत परत नेणारा पंप अधिक वेळा चालवून गाळ तळाशी साचू न दिल्याने हा त्रास बराच कमी झाला. पाणी बागेला जाणार असेल तर उरलेल्या नायट्रेटची मला फारशी चिंता वाटत नाही, कारण ते झाडे खतासारखे घेतात. नाल्यात किंवा विहिरीजवळ सोडायचे असेल, तर मात्र नायट्रेट काढणारी वेगळी टाकी बांधल्याशिवाय या पद्धतीच्या भरवशावर राहू नये.