हीप बिघडली, आता अ‍ॅलोकेटरने काय करावं?

प्रोग्रॅम चालू असताना लागतील तसे मेमरीचे तुकडे जिथून घेतो ती जागा म्हणजे हीप, आणि ते तुकडे वाटणारा कोड म्हणजे अ‍ॅलोकेटर; सी भाषेत तो मॅलॉक. एखादा तुकडा दोनदा फ्री झालाय (परत केला गेलाय) किंवा शेजारच्या तुकड्याचा आकार जुळत नाही, हे मॅलॉकच्या लक्षात आलं. पुढे तीन वाटा. दुर्लक्ष करून चालू राहायचं, बॅकट्रेससकट (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावत इथवर आलो, ती यादी) सगळा तपशील छापून मरायचं, किंवा एक ओळ लिहून जागच्या जागी ॲबॉर्ट, म्हणजे प्रोसेस तिथेच संपवायची. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत भट्टीचं तापमान नोंदवणारा प्रोग्रॅम मी सांभाळतो. तिथे मला यातून निवड करावी लागली.

पहिली वाट मी लगेच सोडली. जुन्या जीलिबसीत (लिनक्सवरची नेहमीची सी लायब्ररी, मॅलॉक तिच्यातच असतो) ती सोय होती, पण बिघडलेल्या हीपमधून आलेलं तापमान खरं मानून नोंदलं, तर त्या हीटचं (भट्टीतल्या एका खेपेच्या वितळलेल्या धातूचं) सगळं कास्टिंग संशयात येतं.

दुसरी मात्र मोहात पाडणारी. जुनी जीलिबसी मरताना बॅकट्रेस आणि मेमरी मॅप दोन्ही छापायची. चूक कुठे आहे ते लॉगमध्येच दिसायचं. पण बॅकट्रेस काढायला लिबजीसीसी ही आणखी एक लायब्ररी लोड करावी लागे, ती लोड होताना पुन्हा मॅलॉककडेच मागणी जाई, आणि कधी कधी मॅलॉकचं लॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) आधीच धरलेलं असे. मग प्रोसेस तिथेच अडकून बसायची. मेली असती तर सिस्टमडीने (लिनक्समध्ये सेवा चालू ठेवणारा प्रोग्रॅम) लगेच उठवली असती. ही जिवंत दिसायची, पीएस कमांडच्या चालू प्रोसेसच्या यादीत असायची, आणि रात्रपाळीच्या नोंदी थांबलेल्या सकाळी कळायच्या. माझ्यापुरता निकाल या एका त्रासाने लागला. शिवाय आतून पोखरलेल्या प्रोसेसमध्ये जितका जास्त कोड चालवाल, तितका हल्लेखोराला वाव.

२०१७ साली जीलिबसीनेही हा बॅकट्रेस काढून टाकला. आता बिघाड सापडला की थेट ॲबॉर्ट. विंडोजमध्येही हीप बिघडताच प्रोसेस संपवण्याची सोय आहे, आणि एकदा चालू केली की त्या प्रोसेसपुरती ती बंद करता येत नाही.

तुमच्या प्रोग्रॅममध्ये माणसाचं न साठवलेलं काम अडकलेलं असेल, तर तुमचं मत वेगळं असू शकतं, ते मी समजू शकतो. तरीही मी म्हणेन की अधूनमधून आपोआप साठवण्याची सोय करा आणि ॲबॉर्टच ठेवा. बॅकट्रेस नंतर कोअर फाइलमधून (मरताना प्रोसेसच्या मेमरीची साठवलेली प्रत) जीडीबी या डीबगरने निवांत काढता येतो. फक्त कोअर फाइलच्या आकाराची मर्यादा शून्यावर नाही ना, ते आधी बघा. आणि ती फाइल कोणालाही पाठवण्याआधी लक्षात घ्या, मेमरीत असलेले पासवर्डही तिच्यात येतात.